पहिली नोकरी आणि ऑफिसचे कपडे: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑफर लेटर हातात पडलं की घरात दोन चर्चा सुरू होतात: राहायचं कुठे आणि घालायचं काय? पगार महिनाअखेरीला होणार, खर्च मात्र रुजू होण्याआधीच दारात उभा. सल्ले देणारे भरपूर भेटतात आणि त्यांतले बरेच सल्ले खिशाला कात्री लावतात. त्यांतले नेहमी ऐकू येणारे काही तपासून पाहू.

गैरसमज 1: रुजू होण्याआधी सगळी खरेदी उरकायला हवी.

वस्तुस्थिती: ऑफिसची रीत आत गेल्यावरच कळते. बँकेच्या शाखेत इस्त्रीच्या शर्ट-पँटला पर्याय नसतो, तर हिंजवडीतल्या एखाद्या आयटी कंपनीत कॉलरचा टी-शर्टही खपून जातो. नियम बदलतातही. राज्य सरकारने डिसेंबर 2020 मध्ये परिपत्रक काढून आपल्या कर्मचाऱ्यांना जीन्स आणि टी-शर्ट घालायला मनाई केली आणि शुक्रवारी खादी वापरायला सांगितलं. पुढे काही महिन्यांतच जीन्सवरची बंदी मागे घेतली गेली.

म्हणून सुरुवातीला चार शर्ट किंवा कुर्ते आणि तीन पँट एवढंच घ्या. नग सातच, पण जोड्या बारा होतात. अट एकच: प्रत्येक पँट प्रत्येक शर्टावर गेली पाहिजे. पँट नेव्ही ब्लू, राखाडी आणि काळी; वर पांढरा, फिका निळा, बारीक रेघांचा, असा हिशेब ठेवला की सकाळी कपाटापुढे उभं राहून विचार करावा लागत नाही. उरलेली खरेदी दुसऱ्या-तिसऱ्या पगारावर ढकला.

गैरसमज 2: ब्रँडेड म्हणजे टिकाऊच.

वस्तुस्थिती: ब्रँडच्या किमतीत जाहिरात आणि मॉलमधल्या दुकानाचं भाडंही असतं. टिकाऊपणा कापडात आणि शिवणीत असतो, आणि तो दुकानात उभ्या उभ्या तपासता येतो. शर्ट उलटा करा. कडेच्या शिवणीत इंचाला साधारण पंधरा टाके दिसले तर काम नेटकं समजा. आठ-दहाच असतील तर शिवण लवकर उसवणार. चौकडीचा शर्ट असेल तर खिशावरची रेघ अंगावरच्या रेघेशी जुळते का, ते बघा. ती जुळवायला कापड जास्त लागतं, म्हणून स्वस्तात काम उरकणारा तिथेच हात आखडतो. काजाचे धागे सुटलेले असतील तर शर्ट परत ठेवून द्या.

हिशेब किमतीचा न करता वापराचा करा. समजा, 600 रुपयांच्या शर्टाची कॉलर तीस वापरांत विरली, तर एका वापराला 20 रुपये पडले. 1200 रुपयांचा शर्ट शंभर वेळा घातला, तर 12 रुपये. मात्र किमतीला एक रेघ आखून घ्या. 22 सप्टेंबर 2025 पासून 2500 रुपयांपर्यंतच्या प्रत्येक कपड्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या किमतीला 18 टक्के. बुटांच्या जोडालाही हीच मर्यादा लागू आहे. बेताच्या पगारात ही रेघ ओलांडायचं कारण क्वचितच पडतं.

गैरसमज 3: ऑफिसला शंभर टक्के कॉटनच हवं, पॉलिस्टर म्हणजे हलका माल.

वस्तुस्थिती: कॉटन घाम टिपतं, हे खरं. सुती धागा सर्वसाधारण हवेत आपल्या वजनाच्या सुमारे 8 टक्के ओलावा धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणूनच निव्वळ पॉलिस्टरचा शर्ट मे महिन्यात अंगाला चिकटतो. पण निव्वळ कॉटनला रोज इस्त्री लागते आणि लोकलच्या गर्दीत दादर येईपर्यंत ती इस्त्री शिल्लक राहत नाही. तेव्हा शर्ट किंवा कुर्ता कॉटनचा किंवा कॉटन जास्त असलेल्या मिश्र कापडाचा घ्या, आणि पँट पॉलिस्टर-व्हिस्कोसची. ती कमी चुरगळते, लवकर वाळते आणि पावसाळ्यात उपयोगी पडते. कापडात काय किती आहे, हे आतल्या लेबलवर छापलेलं असतं.

गैरसमज 4: शिंप्याकडे शिवून घेणं आता परवडत नाही.

वस्तुस्थिती: तयार माप ज्यांना जसंच्या तसं बसतं, त्यांना कदाचित नाही परवडणार. बाकीच्यांनी हिशेब करून बघावा. पूर्ण बाह्यांच्या शर्टाला 58 इंच पन्ह्याचं कापड साधारण 1.6 मीटर लागतं, 36 इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर, आणि पँटला 58 इंची सव्वा मीटर. मुंबईतलं मंगलदास मार्केट, ड्रेस मटेरियलसाठी हिंदमाता किंवा पुण्याचा लक्ष्मी रोड इथे भाव विचारा, त्यात शिलाई मिळवा आणि मग मॉलमधल्या किमतीशी ताडून पाहा.

सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच शिंप्याकडे द्या. पहिल्या धुण्यात ते तीन-चार टक्के आटू शकतं, म्हणजे तीस इंची शर्टाची उंची इंचभर कमी होते. कापडावर ‘सॅन्फोराइज्ड’ असा छाप असेल तर ते आधीच आटवलेलं असतं. शिंप्याला शिवणीत माया ठेवायला सांगा. बैठ्या नोकरीत वर्षभरात कंबर वाढते. माया असेल तर पँट सैल करता येते, नसेल तर नवी घ्यावी लागते.

तयार कपडा घेतलात तरी शिंपी लागतोच. पँटची उंची, कंबर, बाह्या कमी करणं सोपं. खांदा मात्र दुरुस्त करणं किचकट आणि खर्चिक असतं. म्हणून ट्रायल रूममध्ये आधी खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर येते का ते बघा, बाकीचं नंतर.

गैरसमज 5: ब्लेझरशिवाय छाप पडत नाही.

वस्तुस्थिती: आपल्या हवेत बहुतेक ऑफिसांमध्ये ब्लेझर खुर्चीच्या पाठीवरच लटकत असतो. स्वस्त ब्लेझरच्या आतला थर उष्णतेने चिकटवलेला असतो; घरी पाण्यात धुतला की तो सुटतो आणि छातीवर फुगे येतात. मुलींनाही पँट-ब्लेझरची सक्ती बहुतेक ठिकाणी नसते. नेटका कुर्ता किंवा चापूनचोपून नेसलेली सुती साडी तेवढीच कामाची दिसते. ब्लेझरचे पैसे चांगल्या बुटांत घाला आणि जमल्यास दोन जोड आलटूनपालटून वापरा. घामाने ओले झालेले चामड्याचे बूट एका रात्रीत पुरते वाळत नाहीत.

गैरसमज 6: सेलमधल्या मालाची तक्रार करता येत नाही.

वस्तुस्थिती: रंग आवडला नाही म्हणून माल परत घेण्याचं बंधन दुकानदारावर नसतं. पण माल सदोष निघाला तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर 30 दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. त्यासाठी हातात बिल हवं.

थोडक्यात, पैसा लेबलवर नव्हे, मापावर आणि कापडावर खर्च करा. स्वच्छ धुतलेला, इस्त्रीचा, अंगावर नीट बसणारा साधा शर्ट कुठल्याही ऑफिसात चालतो. तो कुठल्या दुकानातून आणला, हे तिथे कुणी विचारत नाही.