ब्रॉन्झमधली नटी आणि सासवण्याची कोळीण
(लेखांक ७)

गेल्या आठवड्यात ओतकाम पाहिलं: मातीचा पुतळा, त्यावरून प्लास्टरचा साचा, मग मेण, आणि मेण वितळून गेल्यावर उरलेल्या पोकळीत तांबं-कथलाचा रस. आता प्रश्न असा, की शिल्पकारासमोर बसायला येतं कोण?

एकोणिसावं शतक संपत आलं तेव्हा पॅरिसमध्ये याचं एक हमखास उत्तर होतं. रंगमंचावरची बाई. लोई फुलर ही मूळची अमेरिकन नर्तिका. १८९२पासून ती फोली बेर्जेर या नाट्यगृहात रंगीत विजेच्या झोतात रेशमाचे घोळ फिरवत नाचू लागली. राउल लार्श या शिल्पकाराने १९००च्या सुमारास तिला मुलामा दिलेल्या ब्रॉन्झमध्ये पकडलं. डोक्यावर उसळलेल्या वस्त्रात त्याने विजेचे दिवे दडवले, त्यामुळे मूर्ती मेजावरचा दिवाही झाली. नटी सारा बर्नहार्ट तर कुणा शिल्पकाराची वाट पाहणारी नव्हतीच. ती स्वतः शिल्पं करी. १८८० साली तिने ब्रॉन्झची दौत घडवली: चेहरा तिचाच, पाठीला वटवाघळाचे पंख, खांद्यांवर शोक आणि हास्य यांचे मुखवटे. लार्शचा दिवा देखणा खरा, पण मला ही दौत जास्त आवडते. स्वतःची एवढी थट्टा करायला छाती लागते.

आपल्याकडे काय होतं? शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचा जन्म १८९१चा, अलिबागजवळच्या सासवण्याचा. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेला पडलं आणि पोरगा मुंबईला जे. जे. कलाशाळेत पोचला. रंगमंचावर स्त्रीभूमिका करणारे नट बालगंधर्व करमरकरांहून तीनच वर्षांनी मोठे. करमरकरांचा हात तयार होत होता त्या वर्षांत मराठी रंगभूमीची सर्वांत लाडकी नायिका पुरुष होती! स्त्रियांच्या नाटक मंडळ्या होत्या, पण त्यांच्याकडे प्रतिष्ठितांची पाठ. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात नटी ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे वारं फिरलं.

म्हणून सासवण्याचं करमरकर शिल्पालय पाहताना नटी शोधू नये. मांडव्याहून अलिबागच्या रस्त्याला लागलं की ते लागतं. तिथे कोळीण आहे, शंख फुंकणारी स्त्री आहे, अंगणात म्हैससुद्धा आहे. कोळणीकडे जरा थांबून पाहावं. रंगमंचावरची बाई आपण पाहिली जातोय हे जाणून उभी राहते. हिला तुमच्याकडे बघायला वेळ नाही. बरंचसं काम सिमेंट आणि प्लास्टरमधलं आहे, आणि त्या खडबडीत अंगाला कोळणीचं वागणं शोभतं, असं माझं मत.

करमरकरांचं सर्वांत मोठं ब्रॉन्झ मात्र सासवण्यात नाही. पुण्याचा अश्वारूढ शिवाजी १९२८चा, माझगाव डॉकमध्ये ओतलेला. पुढचा लेखांक त्याच्यावर.