अंगावर पडलेलं औषध

भातात किंवा भाजीत औषध मारताना नळीचं तोंड कमरेखाली असतं. आंब्याला ते आभाळाकडे करावं लागतं. मोहोर फुटायच्या सुमारास अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या बागांत तुडतुड्यांसाठी फवारणी सुरू झाली, की पानांनी न धरलेला प्रत्येक थेंब खाली येतो. तो कपाळावर, मानेवर पडतो किंवा वर धरलेल्या हातावरून बगलेत उतरतो. नाकाला फडकं बांधलेलं असतं, म्हणून काळजी घेतली असं सगळेच समजतात. उघड्यावरच्या फवारणीत मात्र विष शरीरात शिरण्याची मोठी वाट कातडीची असते.

या वाटेने किती विष जातं, हे मोजायची एक साधी रीत डरहॅम आणि वुल्फ या अमेरिकी संशोधकांनी १९६२ साली तपशीलवार मांडली. फवारणाऱ्याच्या अंगावर, कपड्यांच्या वर आणि आत, टिपकागदासारखे शोषून घेणारे चौकोनी तुकडे लावायचे. काम संपल्यावर ते काढून द्रावकात भिजवायचे आणि उतरलेलं औषध प्रयोगशाळेत मोजायचं. समजा, दहा बाय दहा सेंटिमीटरच्या तुकड्यावर १ मिलिग्रॅम सापडलं आणि हाताच्या त्या भागाची कातडी १२०० चौरस सेंटिमीटर आहे, तर तिथे १२ मिलिग्रॅम पडलं असं धरायचं. हात धुऊन त्या पाण्याचीही तपासणी होते.

या हिशेबात एक मोठी गळती आहे. औषध अंगावर सारखं पडत नाही. ओघळ तुकड्याला चुकवून गेला तर तो हिशेबातूनच निसटतो. म्हणून पुढे अंगभर सुती कपडे घालून, नंतर ते बाही, पाठ, मांडी असे कापून तपासायची पद्धत आली. १९८० च्या दशकात रिचर्ड फेन्स्के यांनी टाकीत चमकणारा रंग मिसळला आणि काम झाल्यावर माणसाला अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्यासमोर उभं केलं. कपड्यांखालच्या कातडीवरचे डागही त्यात उजळून दिसतात.

डाग कुठे आहे, याला फार महत्त्व आहे. मायबाख आणि सहकारी संशोधकांनी १९७१ साली पॅराथिऑन या कीटकनाशकावरचे आकडे प्रसिद्ध केले. हाताच्या कोपराखालच्या भागातून जेमतेम ९ टक्के औषध शरीरात गेलं, तळव्यातून सुमारे १२, कपाळातून ३६, बगलेतून ६४ आणि वृषणाच्या कातडीतून जवळजवळ सगळं. आंब्याच्या फवारणीत ओघळ नेमका कपाळाकडून आणि बगलेकडून जातो. औषधाने भिजलेली अर्धी चड्डी दुपारपर्यंत अंगावर राहिली, तर ती कातडीवर लेपासारखं काम करते.

बागेत काम करणारे सांगतात, ‘तोंडाची आग झाली की कळतं.’ ही आग खरी आहे. डेल्टामेथ्रीन, लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ही औषधं कातडीतल्या मज्जातंतूंना डिवचतात, घामाने चुणचुण वाढते. पण ही औषधं कातडीतून आत कमीच जातात. उलट, कितीतरी ऑरगॅनोफॉस्फेट औषधं काही न जाणवता आत शिरतात. कातडीला काय वाटतं यावर धोका ठरवणं, हीच आपली सर्वांत मोठी चूक आहे.

दुसरी चूक टोपणाने माप घेताना होते. तुडतुड्यांसाठी इमिडाक्लोप्रिडची शिफारस १० लिटर पाण्याला ३ मिलिलिटर अशी आहे. म्हणजे बाटलीतलं १ मिलिलिटर बोटांवर सांडलं, तर तीन लिटरहून अधिक फवाऱ्यातलं औषध एकदम हातावर आलं. हातमोजे सर्वांत आधी हवेत ते इथे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने गेले. त्या वर्षी कापूस डोक्यापर्यंत वाढला होता आणि फवारा तोंडाच्या उंचीवर होता, हे तेव्हा एक कारण म्हणून पुढे आलं. आपल्याकडे तर झाड दरवर्षीच डोक्यावर असतं.

प्रयोगशाळेतली तपासणी महाग आहे, रंगाची नाही. रोह्याचं कृषी विज्ञान केंद्र, बागायतदार आणि गावातली शाळा यांनी मोहोराआधी एक संध्याकाळ काढावी. टाकीत नुसतं पाणी आणि कातडीला निर्धोक असा चमकणारा रंग घ्यावा, नेहमीसारखी एक फवारणी करावी आणि मग वर्गात अंधार करून दिवा लावावा. साबणाच्या पावडरीतल्या द्रव्यांमुळे धुतलेले कपडेही चमकतात, म्हणून कपडे सोडून कातडीकडे बघावं. ज्याच्या अंगावर डाग उजळतील, त्याला स्वतःला ते आरशात बघू द्यावेत.