काळ्या नदीचा टेट्रा मासा आणि आपली काचेची टाकी



शहरातल्या दुकानात निळ्या-तांबड्या पट्ट्यांचे, बोटाच्या दोन पेरांएवढे मासे झुंडीनं फिरताना तुम्ही पाहिले असतील. मुलं हट्ट धरतात, आपण चार मासे आणून विहिरीच्या पाण्यात सोडतो आणि आठ दिवसांत टाकी रिकामी होते. मासा नाजूक आहे हे कारण अर्धंच खरं. तो कुठल्या पाण्यातला, हे आधी पाहायला हवं.

हा कार्डिनल टेट्रा. (तांबडा पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग असेल तर कार्डिनल, मागच्या अर्ध्या अंगावरच असेल तर त्याचा भाऊबंद निऑन.) ब्राझीलमध्ये रिओ निग्रो, म्हणजे काळी नदी, हे त्याचं एक मोठं घर. पालापाचोळा कुजून तिथलं पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं. त्यात क्षार नावालाच. माती परीक्षणाच्या कागदावर आपण जो सामू पाहतो, तो या पाण्याचा ४ ते ५ च्या आसपास असतो. म्हणजे चांगलंच आंबट.

या नदीकाठी बार्सेलोस नावाचं गाव आहे. तिथले मासेवाले ‘पियाबेरो’ म्हणवतात. पुराचं पाणी जंगलात चढतं तेव्हा मासे झाडांमध्ये पांगतात. पाणी उतरू लागलं की ते ओढ्यांत गोळा होतात आणि मग यांचा हंगाम. होडीत बसून माशांना हळूच जाळ्यावर हाकायचं आणि जाळं पाण्याबाहेर न काढता वाडग्यानं पाण्यासकट उचलायचं. अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला की मासा रोगाला बळी पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. पुढे उथळ टबांतून, रोज पाणी बदलत, बोटीनं सुमारे ४०० किलोमीटरवर मानाउसला.

आता तुम्ही म्हणाल, अशानं नदी रिकामी नाही का होणार? पाणी आटल्यावर डबक्यांत अडकून कित्येक मासे एरवीही मरतात. रीतीनं धरलं तर नदीला तोटा नाही, असं १९८९ पासून तिथं चाललेल्या ‘प्रोजेक्ट पियाबा’च्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. उलट मासा जंगलावर जगतो, म्हणून मासेवाला जंगल राखतो. पण आशियात व युरोपात हौदांतून पैदास होऊ लागली, रानटी माशाचा उठाव घटला आणि पुष्कळांचा हा धंदा सुटला. पोट भरायला माणूस मग कुऱ्हाडीकडे वळतो, ही खरी काळजी.

बरं, आता आपली टाकी. पैदास केलेला मासा जरा सोशिक, रानटी तेवढा नाही. दुकानात विचारून घ्या. काळ्या मातीतल्या विहिरीचं पाणी बहुधा जड असतं. म्हणून पहिल्या दोन-तीन सरी जाऊ देऊन स्वच्छ पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवा आणि थोडं विहिरीचं मिसळून सामू ६ च्या आसपास आणा. फवारणी न झालेली देशी बदामाची वाळकी पानं एक-दोन टाकली की पाणी तांबूस होतं, माशाला मानवतं.

मासे लगेच आणू नका. महिनाभर फिल्टर चालवून रोज चिमूटभर खाद्य टाका. उकिरड्यात खत कुजवणारे जंतू असतात, तसे घाण पचवणारे जंतू टाकीत वाढले पाहिजेत. ५० लिटरला आठ-दहा मासे पुरेत, एकटादुकटा भेदरतो. पिशवी आधी पाण्यावर तरंगत ठेवा, मग तासभर वाटीवाटीनं टाकीचं पाणी तिच्यात घाला. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

आणि हौस फिटली तर मासे विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नका, दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.