ऋण सोडायचं म्हणजे नेमकं काय? : उपवासकाळ आणि आपला बचत गट



मार्च महिना आला की आमच्या गटात दोन हिशेब एकदमच सुरू होतात. एक मार्चअखेरचा, वह्या पूर्ण करण्याचा. दुसरा मनाचा, कारण ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ, ज्याला आम्ही लेंट म्हणतो, तो याच सुमारास असतो. आमचा गट अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका खेडेगावातला. आम्ही बाराजणी. सातजणी ख्रिस्ती आणि पाचजणी हिंदू व बौद्ध. एका सतरंजीवर बसतो, एकाच पेटीत पैसे टाकतो. त्यामुळे एकमेकींच्या सणावारांबद्दल प्रश्न निघतातच. गेल्या वर्षी असाच एक प्रश्न निघाला, आणि त्यानं आम्हाला बरंच काही शिकवलं. आज तेच सांगायचं आहे.

आधी हा उपवासकाळ काय असतो ते पाहू. ईस्टर म्हणजे प्रभू येशूच्या पुनरुत्थानाचा रविवार. तो चंद्रावर ठरतो, म्हणून त्याची तारीख दर वर्षी बदलते. २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान कधीही येतो. त्याच्या आधीचे चाळीस दिवस म्हणजे उपवासकाळ. येशूनं रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. रविवार आनंदाचा वार, म्हणून तो या चाळिसात धरत नाहीत. सुरुवात होते राखेच्या बुधवारी. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख बऱ्याच चर्चमध्ये कपाळाला लावतात. अर्थ सरळ आहे: आपण मातीचे, मातीतच जाणार, तेव्हा आधी स्वतःच्या चुका बघा.

या दिवसांत कुणी मटण-मासे सोडतं, कुणी चहा, कुणी एका वेळचं जेवण. पण नुसतं सोडलं म्हणजे उपास झाला का? बायबलमध्ये यशया नावाचा संदेष्टा यावर फार कडक बोलला आहे. तुम्ही उपास करता आणि त्याच दिवशी मजुरांना पिळता, भांडणं करता, मग देवानं तो उपास का मानावा, असं तो विचारतो. भुकेल्याला आपल्या भाकरीतली भाकरी देणं, दबलेल्याचं ओझं उतरवणं, हा खरा उपास, असं तो सांगतो. म्हणजे आपल्या ताटातून जे कमी झालं, ते दुसऱ्या कुणाच्या ताटात पोचलं पाहिजे. नाहीतर ती नुसती काटकसर झाली.

म्हणून आम्ही सातजणींनी एक साधा नेम केला. उपवासकाळात रोज दहा रुपयांचं काहीतरी सोडायचं आणि ते दहा रुपये वेगळ्या डब्यात टाकायचे. चाळीस दिवसांचे एकीचे ४०० रुपये, सातजणींचे २,८०० रुपये. ते कुणाला द्यायचे हे शेवटी ठरवू, असं म्हटलं. मनात थोडा अभिमानही होता, खोटं का बोला.

आणि तेव्हाच आमच्या एका मैत्रिणीचे हप्ते थकले होते. तिनं गटातून १०,००० रुपये कर्ज घेतलं होतं. ४,००० फेडले, मग मुलाचं दुखणं निघालं आणि सहा महिने एक पैसा भरता आला नाही. ती बैठकीला येईनाशी झाली. आम्ही काय केलं? नळावर, दळणाच्या गिरणीत तिची थकबाकी बोलत राहिलो. नाताळाला तिच्या घरून करंज्यांचं ताट आलं नाही, तर आम्हीही पाठवलं नाही. एकीकडे उपासाचे दहा रुपये डब्यात टाकत होतो, आणि दुसरीकडे हे चाललं होतं.

एका बैठकीत आमच्या गटातल्या वयानं मोठ्या असलेल्या मावशींनी विचारलं, ‘‘तुमच्या प्रार्थनेत ऋण सोडायचं म्हणता ना गं? मग तिचं का नाही सोडत?’’ मावशी ख्रिस्ती नाहीत. पण शेजारी राहून चाळीस वर्षं प्रभूची प्रार्थना कानावर पडलेली. खरंच, मराठी बायबलात त्या प्रार्थनेत ‘ऋण’ असाच शब्द आहे. आम्ही रोज म्हणतो, पण कर्जाच्या वहीशी त्याचा संबंध कधी जोडला नव्हता. त्या दिवशी कुणालाच उत्तर देता आलं नाही.

मग आम्ही येशूनं सांगितलेला एक दाखला काढून वाचला. एका चाकराचं कोट्यवधींचं कर्ज राजानं माफ केलं. तोच चाकर बाहेर पडला आणि त्याचे शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरला. एक दिनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ते कर्ज शंभर दिवसांच्या मजुरीचं, फिटण्यासारखं होतं. तो सोबती मुदत मागत होता. चाकरानं मुदतही दिली नाही. आम्हाला आमचंच तोंड आरशात दिसलं.

पण सख्यांनो, इथं एक मोठा पेच आहे. गटाचं कर्ज असं सोडून देता येतं का? पेटीतला पैसा बाराजणींचा आहे. त्यात विधवा मावशींची बचत आहे, मजुरीला जाणाऱ्या मैत्रिणीचीही आहे. दुसरीच्या पैशानं आपण उदार होणं, ही क्षमा नव्हे. नियमित परतफेड हा गटाच्या पंचसूत्रीतला नियम आहे. तो मोडला तर उद्या कुणालाच कर्ज मिळणार नाही. म्हणून आम्ही दोन गोष्टी वेगळ्या केल्या. मुद्दल गटाचं, ते फिटलंच पाहिजे. पण लाज, अबोला, घाई आणि दंड हे आमच्या हातात आहे. ते सोडता येतं.

पुढच्या बैठकीत सगळ्यांच्या सहीनं ठराव केला. दरमहा ५० रुपयांप्रमाणे सहा महिन्यांचा ३०० रुपये दंड माफ. उरलेल्या ६,००० रुपयांसाठी १,०००चा हप्ता ५०० केला, म्हणजे बारा महिन्यांची मुदत. व्याज मात्र नियमाप्रमाणेच. एकीला हे पटलं नव्हतं, तिचं म्हणणंही वहीत लिहून घेतलं. मग दोघी जणी तिच्या घरी गेल्या. आधी माफी मागितली, ठराव नंतर सांगितला. वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाशी बिनसल्याचं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव आणि आधी समेट कर, अशी येशूची शिकवण आहे. आमचा डबा आम्ही तसाच बाजूला ठेवला होता.

त्या डब्यातल्या २,८०० रुपयांचं काय केलं? ते तिच्या हातावर ठेवले असते तर तिनं घेतले नसते. पंडिता रमाबाईंची आठवण इथं उपयोगी पडली. १८९६-९७च्या दुष्काळात त्यांनी उपाशी, निराधार बायका-मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आणलं. जेवू घातलंच, पण विणकाम, छपाई, शेतीसुद्धा शिकवली. मदत अशी असावी की घेणारीची मान खाली जाऊ नये. वाळवणाचे दिवस होतेच. आमच्या या मैत्रिणीच्या कुरडया पांढऱ्याशुभ्र होतात, हे सगळ्या गावाला माहीत. त्या पैशातून गहू आणला, ऑर्डर आम्ही गोळा केल्या, कुरडया तिनं केल्या. विक्रीतून गव्हाचे पैसे डब्यात परत आले, वरची कमाई तिची. तिचे अजून काही हप्ते बाकी आहेत. पण ती दर महिन्याला सतरंजीवर येऊन बसते.

उपवासकाळाच्या शेवटच्या आठवड्यात दोन दिवस मोठे. गुरुवारी येशूनं शिष्यांचे पाय धुतले; जे काम चाकराचं, ते गुरूनं केलं. म्हणून त्या आठवड्यात अध्यक्ष आणि सचिव यांनी सतरंजी झाडली, चहा केला. दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार, येशूच्या मरणाचा दिवस. क्रूसावरून त्यानं मारणाऱ्यांसाठीही क्षमा मागितली, हे त्या दिवशी सांगतात. पण इथं एक गोष्ट आम्ही ठासून सांगतो. हे ऐकवून बाईला घरातला मार सोसायला सांगणारे लोक आहेत. त्याच बायबलात आहे की, महायाजकापुढं शिपायानं थोबाडीत मारली तेव्हा येशू गप्प बसला नाही. मला का मारतोस, असं त्यानं विचारलं. क्षमा म्हणजे मार खाणं नव्हे. मार होत असेल तर गटाला सांगा, १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा.

आणि ईस्टर. पुनरुत्थानाची बातमी सर्वांत आधी कळली ती पहाटे कबरेकडे निघालेल्या बायकांना. ‘धोंड कोण लोटील’ असं बोलत त्या निघाल्या होत्या; उत्तर ठाऊक नव्हतं, तरी निघाल्या. आम्हीही मैत्रिणीच्या घरी निघालो तेव्हा ती दार उघडेल की नाही, ठाऊक नव्हतं.

तुमच्या गटात असा कुणाचा हप्ता थकला असेल, कुणी बैठकीला येईनाशी झाली असेल. तुमचा सण कोणताही असो, उपास कोणताही असो. पुढच्या बैठकीआधी तिच्या दारात जाऊन या. वही सोबत नेऊ नका, ती बैठकीतच उघडा.