वस्तऱ्याची पाठ आणि धारेचा कोन

उघड्या पात्याच्या वस्तऱ्याची जाड, बोथट पाठ वरवर पाहता केवळ पात्याला बळकटी देण्यासाठी ठेवलेली वाटते; प्रत्यक्षात धारेचा कोन ठरवणारे साधन म्हणजे ही पाठच होय. सुरी किंवा कोयता यांना धार लावताना पाते दगडावर किती तिरपे धरायचे हे कारागिराच्या मनगटावर अवलंबून असते, आणि मनगट जरा हलले की कोन बदलतो. वस्तरा मात्र दगडावर पूर्ण आडवा ठेवतात, म्हणजे पाठ आणि धार ही दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात, आणि त्या स्थितीत कोन किती असावा हे पाते घडवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते. धारेलगत दोन्ही अंगांनी घासून तयार होणाऱ्या अरुंद, सपाट उताराला ‘बेव्हल’ म्हणतात. हे दोन उतार ज्या रेषेत मिळतात ती धार, आणि त्यांच्यामधला कोन तो धारेचा कोन.

यामागील भूमिती शाळेतल्या समद्विभुज त्रिकोणाची आहे. पाठीची जाडी हा त्या त्रिकोणाचा पाया, आणि पाठ दगडाला जिथे टेकते तिथपासून धारेपर्यंतचे अंतर ही त्याची प्रत्येक समान बाजू. हे अंतर १९ मिलिमीटर आणि पाठीची जाडी साडेपाच मिलिमीटर असेल, तर धारेचा कोन सुमारे साडेसोळा अंश भरतो. चांगल्या वस्तऱ्यांचे कोन बहुधा १५ ते २० अंशांच्या दरम्यान असतात, आणि म्हणूनच रुंद पात्याला जाड पाठ व अरुंद पात्याला पातळ पाठ देण्याची रीत पडली आहे. स्वयंपाकघरातील सुरीचा कोन सामान्यतः याच्या दुपटीच्या घरात असतो. ती हाडाला किंवा पाटाला आपटली तरी टिकावी लागते, तर वस्तऱ्यासमोर फक्त केस असतो.

केस मऊ म्हणून कोन वाटेल तितका लहान करता येईल, असा समज होण्याचा संभव आहे, पण तो टिकणारा नाही. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की पोलादापेक्षा सुमारे ५० पटींनी मऊ असलेला केसही पात्याच्या धारेचे सूक्ष्म टवके उडवतो, विशेषतः जिथे पोलादाची अंतर्रचना एकसारखी नसते आणि केस कापताना वाकतो तिथे. तो अभ्यास आजच्या पातळ ब्लेडांचा होता, परंतु त्यातील कारण वस्तऱ्यालाही लागू पडते: कोन फार लहान केला तर धारेमागे आधाराला धातूच उरत नाही आणि ती चुरते, फार मोठा केला तर पाते केस कापण्याऐवजी ओढते आणि त्वचेची आग होते. योग्य कोन या दोन टोकांमधला आहे, आणि तो कोणत्या मर्यादेपर्यंत खाली आणता येईल हे पोलादावर ठरते.

त्यामुळे वस्तऱ्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी पोलादाचा इतिहास आहे. इंग्लंडमधील शेफील्डजवळ बेंजामिन हंट्समन या घड्याळे करणाऱ्या कारागिराने १७४० च्या दशकात मुशीत वितळवलेले, एकजीव पोलाद तयार केले आणि शेफील्डच्या वस्तऱ्यांना त्याचा मोठा लाभ झाला. त्याच शतकाच्या अखेरीस मुंबईहून हेलेनस स्कॉट यांनी भारतीय ‘वूट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला पाठवले, ज्यांवर जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये प्रबंध लिहिला. हत्यारे घडवणारे जेम्स स्टोडार्ट याच पोलादाने प्रभावित झाले, आणि पुढे १८२० च्या सुमारास त्यांनी मायकेल फॅरडे यांच्यासह पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. फॅरडे यांनी त्या पोलादाचे वस्तरे आपल्या मित्रांना भेट दिले होते. दख्खनच्या भट्ट्यांमधील ज्ञान युरोपीय धातुशास्त्राच्या जडणघडणीत असे पोहोचले, ही गोष्ट मराठी वाचकाने आवर्जून लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील झोलिंगेनने पात्याच्या दोन्ही अंगांना खोलगट घासण्याची कला परिपूर्ण केली. या पद्धतीत पाठ जाडच राहते, म्हणजे कोन बदलत नाही. परंतु धारेमागचे पाते इतके पातळ होते की बेव्हल अगदी अरुंद राहतो आणि तो दगडावर लवकर तयार होतो.

बेव्हल बसवणे, म्हणजे दोन्ही उतार धारेच्या पूर्ण लांबीवर एकमेकांना भेटवणे, हे धार लावण्यातील सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि त्यानंतरचे बारीक दगड केवळ त्या कामाला झिलई देतात. यासाठी साधारण १००० दर्जाचा निसणा वापरतात. दगडाचा हा क्रमांक जितका मोठा, तितके त्यातील कण बारीक. निसणा तंतोतंत सपाट नसेल तर वर सांगितलेली सारी भूमिती निष्फळ ठरते, म्हणून आधी तोच घासून सपाट करावा लागतो. बेव्हलवर काळी शाई लावून दोनचार हात फिरवले की ती कुठे पुसली गेली व कुठे उरली हे भिंगाखाली स्पष्ट दिसते: धारेलगत शाई उरली असेल तर दगड अजून धारेपर्यंत पोहोचलेला नाही, आणि ती फक्त टोकाला वा मुठीकडे उरली असेल तर पाते किंचित वाकलेले आहे किंवा हाताचा दाब असमान पडतो आहे. धार पोहोचलेली नसताना पुढच्या दगडावर जाण्याची घाई हेच फसलेल्या धारेचे नेहमीचे कारण असते. त्यानंतर ४००० ते १२००० दर्जाचे दगड किंवा बेल्जियममधील आर्देनचा पिवळसर ‘कोटिक्यूल’, ज्यात गार्नेटचे सूक्ष्म स्फटिक असतात, वापरून ओरखडे मिटवले जातात. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा पाठ पुढे ठेवून ओढतात. तिथेही पाठ पट्ट्यावरून उचलली गेली तर कोन वाढतो आणि धार गोलसर होते.

दगडावर धारेबरोबर पाठही झिजते, आणि या दुहेरी झिजेत वस्तऱ्याच्या रचनेतील खरी कल्पकता आहे. वरील उदाहरणातील पात्याची रुंदी एक मिलिमीटरने घटली, तर कोन तसाच राहण्यासाठी पाठीची जाडी सुमारे ०.३ मिलिमीटरने घटायला हवी. दोन्ही एकाच दगडावर एकाच वेळी घासल्या जात असल्याने हे प्रमाण बऱ्याच अंशी आपोआप सांभाळले जाते. पाठीची झळाळी टिकावी म्हणून तिच्यावर विजेच्या तारांना गुंडाळतात तशी चिकटपट्टी लावण्याची पद्धतही आहे. अशी पट्टी सुमारे ०.१५ मिलिमीटर जाड असल्याने तिचा एक थर कोन जवळजवळ एका अंशाने वाढवतो, आणि पाठ मुळीच झिजत नसल्याने वर्षांगणिक पाते अरुंद होत जाते तसा कोनही वाढत राहतो. जुन्या, खूप वापरलेल्या वस्तऱ्यांत याच्या उलट दोष आढळतो: कुणीतरी जोर देऊन घासल्यामुळे पाठीवर रुंद चपटे पट्टे पडलेले असतात आणि कोन उतरून धार ठिसूळ झालेली असते. अशा वस्तऱ्याला मात्र पट्टीचे एकदोन थर खरोखर उपयोगी पडतात, कारण घासून गेलेली जाडी त्याच्या पाठीला परत देण्याचा दुसरा सोपा मार्ग नाही.