गळा गातो, हात चालतो

पहाटेची वेळ आहे. गाव अजून झोपेत आहे. एका घरातून घरघर ऐकू येते. ती जात्याची घरघर. तिच्या जोडीला बाईचा आवाज येतो. बाई ओवी गाते आहे.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात एके काळी घरोघर असंच उजाडत होतं. तुमच्या आजीनं जातं ओढलं असेल. कदाचित आईनंही ओढलं असेल. आज जातं बहुतेक घरांत कोपऱ्यात पडून आहे. लग्नाची हळद दळायची असली, की ते बाहेर निघतं. रोजचं दळण गिरणीवर जातं.

हे चांगलंच झालं. जातं ओढणं सोपं नव्हतं. पाठ मोडायची. खांदे भरून यायचे. ते कष्ट परत यावेत, असं आम्ही म्हणत नाही. पण जात्याबरोबर घरातलं गाणंही गेलं. त्या गाण्याचा विचार आपण करू या.

कामात गाणं कशाला?

दोघी बाया समोरासमोर बसायच्या. दोघींचा हात एकाच खुंट्यावर. एकीनं ओढायचं, दुसरीनं लोटायचं. हात मागंपुढं झाले, तर जातं अडखळतं. मग दोघींना एका ठेक्यात कोण आणायचं? ओवी आणायची. ओवी साधारण दोन ओळींची. जातं फिरेल तशी ओळ पुढं सरकते. मूठभर जवारी जात्याच्या तोंडात टाकायची, की पुढची ओवी धरायची.

शेतातही तसंच होतं. सुगीत भलरी म्हणत. एक गडी गाणं सांगायचा, बाकीचे ओळ झेलायचे. गाण्याच्या नादात सगळ्यांचे हात बरोबर चालायचे. मोट हाकणारा गडीही गायचा. त्याचा आवाज बैलांच्या ओळखीचा असायचा. पुढं विहिरीवर इंजिन आलं, विजेचा पंप आला. मोट गेली, मोटेवरचं गाणंही गेलं.

गाताना अंगात काय होतं?

आता एक करून पहा. पोटावर हात ठेवा. नाकानं खोल श्वास घ्या. पोट फुगतं. मग लांब सूर लावून 'विठ्ठल' म्हणा. पोट हळूहळू आत जातं. दुसरा हात छातीवर ठेवा. हाताला थरथर लागते. आवाज नुसता गळ्यातून येत नाही. सारं अंग त्याला साथ देतं.

आपली फुप्फुसं लोहाराच्या भात्यासारखी आहेत. त्यांच्याखाली स्नायूचा एक पडदा आहे. पडदा खाली सरकला, की हवा आत येते. वर सरकला, की हवा बाहेर जाते. जड ओझं उचलताना आपण नकळत श्वास कोंडून धरतो. त्यानं रक्ताचा दाब वाढतो. गाणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. तो श्वास झटकन घेतो आणि सावकाश सोडतो. श्वास सावकाश सोडला, की छातीची धडधड कमी होते. मन निवतं.

पण गाणं म्हणजे औषध नव्हे. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर दवाखान्यातच जावं.

आणखी एक सांगतो. आपल्या जिल्ह्यातल्या तेरचे गोरोबाकाका कुंभार होते. चिखल तुडवता तुडवता ते भजन करत. भजनात भान हरपलं आणि तान्हं मूल पायाखाली आलं, अशी कथा आहे. ती विसरू नका. मळणी यंत्राजवळ, कडबा कुट्टीजवळ गाण्यात रमू नये. तिथं डोळा यंत्रावर ठेवावा.

गाणं आणि रान

जे घरात बोलता येत नव्हतं, ते बाई जात्याला सांगत होती. माहेर, भाऊ, पंढरीचा विठोबा, तुळजापूरची भवानी, पाऊस, लेकाचं रान, सारं ओवीत येत होतं. रानाचं नाव गाण्यात आलं, की ते रान आपलं वाटतं.

येळवस आठवा. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आपण सारे रानात जातो. कडब्याची कोप करतो. पूजा करतो. भज्जी, आंबील, उंडे खातो. मोठ्यानं आरोळी देत पिकाभोवती फिरतो, आंबील शिंपडतो. शेजारच्या कर्नाटकातही हा सण करतात. त्या दिवशी आवाज मोकळा होतो. मग बाकीच्या दिवशी रानात आपण मुके का राहावं? खुरपताना, वेचणी करताना एकीनं ओळ धरावी. दुसरी आपोआप झेलेल.

आता काम तुमचं

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी एक मोठं काम केलं. गावोगावच्या बायांकडून त्यांनी ओव्या मिळवल्या. महाराष्ट्रातल्या हजारांहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्या गाणाऱ्या बाया शेतात राबणाऱ्या होत्या. कित्येकींना लिहिता येत नव्हतं. तरी एवढं धन त्यांच्या गळ्यात होतं.

तुमच्या गावातही अशी एखादी म्हातारी असेल. तिची ओवी तिच्या आईकडून आली. आजवर ओवी या गळ्यातून त्या गळ्यात गेली. आज ऐकायला कोणी बसलं नाही, तर ती ओवी तिच्याबरोबरच जाईल.

पण आता तुम्हांला लिहिता येतं. एक वही आणा. म्हातारीजवळ बसा. ती म्हणेल तसंच लिहा. तिचा 'पानी' खोडून 'पाणी' करू नका. खाली तिचं नाव लिहा. गावाचं नाव लिहा. ओवी कोणत्या कामाला म्हणत, तेही लिहा. एका दिवशी एक ओवी लिहिली, तरी पुरे.

आणि नुसतं लिहून ठेवू नका. रात्री जेवणं झाली, की वही उघडा. वाचून दाखवा. चाल चुकली, तर म्हातारी स्वतःच गाऊन सांगेल. तिच्या मागून तुम्ही म्हणा, आणि पोरांनाही म्हणायला लावा.