नाक नसलेली जीप

महिंद्राच्या एफसी-१५० या पिकअपमध्ये इंजिन केबिनच्या आत असतं, ड्रायव्हर आणि शेजारी बसणारा यांच्या मधोमध. त्यावर पत्र्याचं झाकण, झाकणावर जुनं घोंगडं किंवा रेक्झिनची गादी. मे महिन्यात घोडबंदर रस्त्याने गायमुखचा चढ चढताना ड्रायव्हरची डावी पोटरी भाजली नाही, तर इंजिन बंद पडलं आहे असं खुशाल समजावं. गाडीला बॉनेट नाही. समोरून पाहिलं तर सपाट चेहरा, दोन गोल दिवे आणि जीपच्या जाळीच्या ओळखीच्या उभ्या खाचा. जीपचं नाक कापून ड्रायव्हरला पुढच्या चाकांवर नेऊन बसवलं, एवढीच कल्पना. ती अमेरिकेतल्या विलिस कंपनीसाठी ब्रूक्स स्टीव्हन्स या डिझायनरने आकाराला आणली आणि १९५६च्या अखेरीस बाजारात आली. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर फक्त ८१ इंच, जीपच्याच मापाचं, आणि तरीही मागे सहा फुटांहून लांब हौदा. अरुंद गल्लीत वळणारी आणि भरपूर माल घेणारी गाडी हवी होती, ती मिळाली. मोकळी असताना मात्र सगळं वजन पुढे. पावसात उतारावर ब्रेक जोरात दाबला की मागची चाकं हलकी होतात आणि गाडी शेपूट फिरवते. म्हणून जुने ड्रायव्हर हौद्यात दोन पोती वाळू कायम ठेवत.

अमेरिकेत साठच्या दशकाच्या मध्यात ही गाडी बंद झाली. त्याच सुमाराला महिंद्राने ती इथे बनवायला घेतली आणि तिच्या मिनीबस झाल्या, रुग्णवाहिका झाल्या, शाळेच्या गाड्या झाल्या. आज मुंबईच्या उपनगरांत पिकअप जपणारी जी मोजकी मंडळी आहेत, त्यांच्यात एफसीचा मान वेगळा. कारण सरळ आहे. ती दुर्मीळ आहे, ती बेढब आहे आणि ती इथली आहे.

'इथली' हे शब्दशः घ्यावं. वाहन उद्योगाचं नाव निघालं की आपण पुणे-पिंपरी म्हणून मोकळे होतो. पण मुंबईच्या उपनगरांचा हक्क आधीचा आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. तिथे एकाच ट्रकला डॉज, डिसोटो आणि फार्गो अशी तीन नावं चिकटत. पुढे भांडुपला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाची लॅम्ब्रेटा. पश्चिमेच्या बाजूला गोरेगावात १९५८मध्ये एन. के. फिरोदियांच्या बजाज टेम्पोने तीनचाकी हॅन्सिएट सुरू केली. कारखाना आकुर्डीला गेला तो नंतर. महिंद्राच्या जीपची जुळणी १९४९मध्ये माझगावला सुरू झाली आणि पुढे कांदिवलीच्या आकुर्ली रस्त्यावरचा कारखाना हे तिचं घर झालं. म्हणजे साठच्या दशकात कुर्ल्याहून कांदिवलीपर्यंत गेलं, की देशाच्या मालवाहतुकीचा बराचसा पत्रा वाटेत ठोकला जात होता. प्रीमियरची जागा आता इमारतींनी व्यापली आहे. रस्त्याला तेवढं प्रीमियरचं नाव राहिलं.

याचा एक फायदा उपनगरातल्या हौशी लोकांना अजून मिळतो. गाडी जिने जन्माला घातली ती पिढी आसपासच राहते. कांदिवली, बोरिवली, दहिसरच्या चाळी-सोसायट्यांत कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, टर्नर, इन्स्पेक्टर सापडतात, आणि त्यांच्यातला एखादा ट्रान्स्फर केसमध्ये शिम किती घालायची हे पुस्तक न उघडता सांगतो. मॅन्युअल कुठूनही मागवता येतं. शिम घालताना बोटाला काय जाणवलं पाहिजे, ते मॅन्युअलमध्ये नसतं.

तरीही जुन्या गाड्यांच्या जगात पिकअपला पंगतीत पाट मिळायला फार उशीर झाला. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाच्या रॅलीत लोकांची झुंबड उडते ती संस्थानिकांच्या रोल्स-रॉईसभोवती. जीप आणि लष्करी गाड्यांना कौतुक मिळतं, कारण त्यांच्यामागे महायुद्ध उभं असतं. युद्धानंतर लिलावात निघालेल्या 'डिस्पोजल'च्या जीप आणि डॉज वेपन कॅरिअर हाच इथल्या अनेक जुन्या संग्रहांचा पाया. पिकअपमागे काय उभं असणार? भाजी, सिमेंट, कोंबड्यांचे खुराडे. तिचा मालक तिला कधी पुसत नव्हता. शेवटच्या दिवशी सुद्धा ती मालच ओढत होती, आणि ओढेनाशी झाली तेव्हा वजनावर भंगारात गेली. म्हणून रोल्स उरल्या आणि पिकअप संपल्या.

आता खऱ्या भानगडीकडे येतो. जुनी गाडी 'मूळ रूपात' आणायची असते, असं आपण धरून चालतो. पण पिकअपला मूळ रूप होतं का? आपल्याकडे मालवाहू गाडी कारखान्यातून बहुतेकदा अर्धीच बाहेर पडायची: चेसिस, इंजिन, फार तर पुढचा काऊल किंवा केबिन. ड्रायव्हर खोक्यावर बसून, डोक्याला फडकं गुंडाळून ती बॉडीवाल्याकडे न्यायचा. मग सुतार हौद्याच्या फळ्या ठोकायचा, लोहार फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या करायचा, पेंटर नाव घालायचा. कुर्ल्याच्या बॉडीवाल्याचा हौदा आणि कोल्हापूरच्या बॉडीवाल्याचा हौदा यांत फरक असायचा, आणि दोन्ही तितकेच अस्सल. वीस वर्षांत तो हौदा एकदा-दोनदा बदलला जायचा. यातलं मूळ कुठलं म्हणायचं?

मंडळींमध्ये यावरून दोन तट आहेत. एकाचा मंत्र 'कंपनी फिटिंग': बोल्टचं डोकंसुद्धा त्या काळचं हवं. दुसरा गट म्हणतो, गाडी चालती पाहिजे. भांडण सगळ्यात पेटतं ते इंजिनावर. या गाड्या जन्मल्या पेट्रोलवर. १९७३नंतर तेल महागलं, तेव्हा मालवाहतूक करणाऱ्याला पेट्रोल परवडेना आणि ज्याला जमलं त्याने डिझेल इंजिन बसवून घेतलं. महिंद्राने १९७९मध्ये प्यूजोच्या एक्सडीपी ४.९० या २,११२ सीसीच्या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, तेव्हापासून तर सुटं इंजिनही सहज मिळू लागलं. आता समजा एखाद्या एफसीने दहा वर्षं पेट्रोलवर आणि तीस वर्षं डिझेलवर काढली. कंपनी फिटिंगवाला ते डिझेल इंजिन काढून जुनं पेट्रोल इंजिन शोधत फिरतो. मला हा हट्ट पटत नाही. तीस वर्षं ज्या इंजिनाने मालकाचं घर चालवलं, त्याला उपरं ठरवायचं कशाच्या आधारावर? त्या वेळी रीतसर नोंद झाली असेल आणि आरसी बुकात तोच इंजिन नंबर असेल, तर मी तरी त्याला हात लावणार नाही. आज नवा फेरफार करू म्हणाल तर तेही सोपं नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आहे, आणि उत्पादकाने ठरवलेल्या रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये सांगून ठेवलं आहे.

सरकारी नियमाचीही इथेच पंचाईत होते. जुलै २०२१मध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली: पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी, 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. हेतू चांगला, पण डोळ्यांसमोर होती खासगी, बिगरव्यावसायिक वापराची गाडी. जन्मभर हमाली केलेल्या, चेसिस, बॉडी आणि इंजिन तिन्हींत बदल पचवलेल्या पिकअपने या व्याख्येत शिरायचं कसं, याचं उत्तर प्रत्येक जण आपापल्या एजंटाकडून वेगवेगळं ऐकून येतो.

गॅरेजमध्ये मात्र व्याख्येला वेळ नसतो. जुन्या पेट्रोल इंजिनाचंच घ्या. हरिकेन म्हणतात ते हे चार सिलिंडरचं, २,१९९ सीसीचं इंजिन. याची रचना विचित्र आहे: हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, आणि धूर बाहेर टाकणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि सीजे-३बी जीपचं बॉनेट फुगलं ते याचमुळे. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या गाडीचं हे इंजिन जाम झालेलं असतं. नवखा लगेच पान्हा लावून जोर काढतो आणि काहीतरी मोडून ठेवतो. जाणता मिस्त्री प्लग काढतो, चारही भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडतो आणि चक्क आठवडाभर विसरून जातो. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागून पुढे-मागे हळूच हलवायची. पिस्टनचा प्रवास लांब, १११ मिलिमीटरचा. बोअर त्या मानाने अरुंद, ७९चा. एकदा ते सुटलं की हाताने फिरवताना कुठे अडतंय ते कळतं. हेड उतरवल्यावर खाली ब्लॉकमधल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हकडे पाहायचं. त्यांच्या बैठका जळलेल्या असतात, आणि त्या घासायच्या तर ब्लॉकमध्ये वाकून काम करावं लागतं. नव्या पोरांना हे आवडत नाही. ओव्हरहेड इंजिनाचं हेड बाकावर ठेवून खुर्चीत बसून काम होतं, इथे कमरेचा काटा ढिला होतो.

पत्र्याचं काम त्याहून वेळखाऊ. उपनगरात खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे केबिनचा तळ, दाराची खालची कड आणि काचेच्या रबराखालची पट्टी हमखास कुजलेली. रंगावर रंग चढलेले असतात. खरवडायला घेतलं की वर टेम्पोचा पिवळा, खाली शाळेचा निळा, त्याखाली आणखी काहीतरी. लांबीचा थर बोटभर निघाला तर समजायचं की आत पत्रा उरलेला नाही. चांगला डेंटर कुजका भाग कापून नवा तुकडा जोडतो. वाईट डेंटर पुन्हा लांबी भरतो, आणि दोघांचं काम पहिले सहा महिने सारखंच दिसतं. जुन्या पद्धतीचा एनसी रंग मारायचा असेल तर जून ते सप्टेंबर गाडीला हातही लावायचा नाही. हवेतला दमटपणा रंगात शिरतो आणि चकाकी पांढुरकी पडते.

सुट्या भागांची गोष्ट जरा सुखाची. महिंद्राने जुन्या जीपचा वंश कमांडर, मेजर अशा गाड्यांत दशकानुदशकं चालू ठेवला, त्यामुळे गिअरबॉक्स, अॅक्सल, क्रॉस, पाटे यांची ददात नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर अर्धा दिवस घालवला तर बरंच मिळतं. तिथे नाही मिळालं तर दिल्लीचं मायापुरी, नाहीतर जीपगाड्यांसाठी प्रसिद्ध असलेली हरियाणातली मंडी डबवाली. इथले भाग परदेशातले जीपवालेही मागवतात, हे ऐकून आपली छाती उगाच दोन इंच फुगते. पण जे फक्त एफसीचं आहे, ते संपलं. केबिनचे पत्रे, दरवाजे, काचेची रबरं बाजारात नाहीतच. मग मंडळी वर्गणी काढून एखादी मेलेली एफसी उचलतात: एकाला दरवाजे, एकाला स्टिअरिंग बॉक्स, तिसऱ्याला जाळी. चेसिस नंबरचा तुकडा कापून कागदांसकट आरटीओत जमा करायचा, हा यातला शहाणपणाचा भाग. मेलेल्या गाडीचे कागद दुसऱ्या गाडीला चिकटवणारे महाभागही आहेत, आणि त्यांच्यामुळे बाकीच्यांना प्रत्येक तपासणीत घाम फुटतो.

एवढं करून गाडी ठेवायची कुठे? अंधेरी-घाटकोपरला माणसांना जागा नाही. सोसायटीत नवी एसयूव्ही दोन गाड्यांची जागा अडवून उभी राहिली तर कोणी बोलत नाही, पण फाळका असलेली गाडी दिसली की सेक्रेटरीला सोसायटीचा दर्जा आठवतो. रस्त्यावर उभी करावी तर 'बेवारस वाहन' म्हणून काचेवर नोटीस. त्यामुळे बहुतेक पिकअप वसई, भिवंडी किंवा कर्जतकडे कोणाच्या तरी शेडमध्ये असतात. ज्यांना जमतं ते गोरेगावच्या फिल्मसिटीत जुन्या काळाच्या चित्रीकरणाला गाडी भाड्याने देतात आणि टायरचा खर्च काढतात.

सध्या या मंडळींच्या गप्पांत हौदाही नाही आणि इंजिनही नाही. विषय एकच, पेट्रोल. २०२३पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं ई-२० पंपांवर येऊ लागलं आणि आता दुसरं मिळणं अवघड. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पाणी ओढून घेतं आणि टाकीच्या तळाचा गंज सुटा करून कार्बोरेटरच्या जेटमध्ये आणून बसवतं. हरिकेन इंजिनाचा पेट्रोल पंप यांत्रिक, आतला डायफ्राम जुन्या काळचा. तो कडक होतो, मग चिरतो, आणि पेट्रोल गळून थेट खाली ऑइलमध्ये उतरतं. म्हणून दर रविवारी गाडी सुरू करण्याआधी ऑइलची पट्टी काढून नुसती पाहायची नाही, हुंगायची. पेट्रोलचा वास आला तर किल्ली फिरवू नका, असं प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी बजावतात. इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे डायफ्राम आणि होज आता चार-सहा जण मिळून एकदम मागवतात. डिझेलवाले तेवढ्यापुरते गालात हसतात आणि पेट्रोलवाल्यांच्या बाकीच्या तक्रारी ऐकायला चहा मागवतात.